शिरस्त्राणावरचा गंज

जुन्या वस्तू जमवण्याचा छंद आपल्याला अपरिचित नाही. कोणी नाणी जमवतो, कोणी पोस्टाची तिकिटे, कोणी दिवे आणि अडकित्ते. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय तर एका माणसाच्या अशाच वेडातून उभे राहिले. परंतु युरोप-अमेरिकेत एक छंद असा आहे की, तो ऐकून आपल्याकडचा माणूस क्षणभर थबकेल. तेथे हजारो लोक जर्मन सैनिकांची जुनी शिरस्त्राणे जमवतात. नुसती जमवत नाहीत, तर गंजलेले, पिचलेले, रंग उडालेले शिरस्त्राण घरी आणून, महिनोन्महिने त्याच्यावर खपून, ते पुन्हा नव्यासारखे करतात. हे करावे की करू नये, आणि करायचे तर कुठवर, या प्रश्नाविषयी मला येथे माझे मत मांडायचे आहे.

‘तुला रे काय करायचे आहे जर्मनांच्या टोप्यांशी?’ असा प्रश्न आमच्या वर्गातील मित्रांनी मला विचारलाच. प्रश्न रास्त आहे. मी लोहाराचा मुलगा. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. वडील ट्रकच्या कमानीच्या पट्ट्या तापवून त्यांचे विळे आणि खुरपी करतात. जर्मनी त्यांना ठाऊक नाही, पण लोखंड ठाऊक आहे. ग्रंथालयात दोन महायुद्धांवरील पुस्तके चाळताना या शिरस्त्राणांची चित्रे दिसली, तेव्हा माझे लक्ष प्रथम गेले ते लढाईकडे नव्हे, तर पत्रा कसा वाकवला आहे आणि काठ कसा दुमडला आहे, याकडे. लोखंडाच्या वस्तूला डोळे लावून बसण्याची सवय मला घरातून लागलेली आहे. म्हणून या विषयावर बोलण्याचा माझा थोडासा तरी अधिकार आहे, असे मी समजतो.

प्रथम या वस्तूचा इतिहास पाहू. प्रशियाच्या सैन्याने 1842 मध्ये राजा चौथा फ्रेडरिक विल्यम याच्या काळात टोकदार शिरस्त्राण स्वीकारले. त्याला ‘पिकेलहाउबे’ म्हणतात. कडक केलेल्या चामड्याची टोपी, वर धातूचे टोक, समोर गरुडाचा पितळी पत्रा असा त्याचा थाट होता. संचलनात ते शोभून दिसे. पण 1914 साली तोफांच्या तोंडी जाण्याची वेळ आली, तेव्हा या थाटाचा काही उपयोग होईना. चामडे तोफगोळ्याचा तुकडा अडवू शकत नव्हते. शिवाय नाकेबंदीमुळे चामड्याचाच तुटवडा पडला आणि फेल्टची, पातळ पत्र्याची शिरस्त्राणे निघू लागली. 1915 च्या नमुन्यात तर लढताना टोक काढून ठेवण्याची सोय करावी लागली. सत्तर वर्षे मिरवलेला तुरा शेवटी अडचणीचा ठरला!

पोलादी शिरस्त्राणाचा जन्म मात्र थाटातून झाला नाही. तो जखमांतून झाला. आउगुस्ट बीअर या शल्यचिकित्सकाच्या ध्यानात आले की, डोक्याच्या कितीतरी जखमा तोफगोळ्याच्या अगदी बारीक तुकड्यांनी होतात. तुकडा लहान, पण मेंदूत शिरला की माणूस मेला किंवा जन्माचा अधू झाला. हॅनोव्हरच्या तंत्रविद्यापीठातील फ्रीडरिश श्वेर्ड यांनी मग कपाळ, कानशिले आणि मानेचा मागचा भाग झाकणारे शिरस्त्राण आखले. निकेलयुक्त पोलादाचा सुमारे एक मिलिमीटर जाडीचा पत्रा तापवून दाबयंत्रात घालायचा आणि त्याला खोल आकार द्यायचा, अशी कृती होती. 1916 च्या आरंभी व्हर्दूनच्या रणभूमीवर हे शिरस्त्राण सैनिकांच्या डोक्यावर आले. कपाळाच्या दोन्ही बाजूंना त्याला शिंगांसारखे दोन खुंट होते. त्यांवर जादा पोलादी पत्रा अडकवता येई. जुलै 1918 मध्ये ही शिरस्त्राणे हिरव्या, पिवळट आणि तांबूस तपकिरी तुकड्यांत रंगवून, मध्ये काळ्या रेघा ओढाव्यात, असा हुकूम निघाला. आज संग्राहक या रंगलेल्या शिरस्त्राणांसाठी जीव टाकतात.

हिटलरच्या राजवटीत 1935 चा नमुना आला. तो आकाराने आटोपशीर होता. त्याच्या हवेच्या छिद्रांना वेगळ्या कड्या बसवत आणि काठ व्यवस्थित आत दुमडत. 1940 मध्ये त्या वेगळ्या कड्या गेल्या. छिद्र पत्र्यातच दाबून काढू लागले. 1942 मध्ये काठ दुमडणेही सोडून दिले. पत्रा कापला तसाच, बाहेर किंचित उसवल्यासारखा. चिन्हांचेही तसेच. उजव्या बाजूची काळी-पांढरी-लाल ढाल 1940 मध्ये काढण्याचा हुकूम झाला आणि 1943 मध्ये डाव्या बाजूचा गरुडही लावणे बंद झाले. या तीन नमुन्यांना एका ओळीत मांडा. युद्ध जसजसे लांबले, तसतशी कारागिराच्या हातची एकेक सफाई कमी होत गेली. एका बलाढ्य राष्ट्राची दमछाक काठाच्या दुमडीवरून वाचता येते! ज्याला हे वाचता येते, त्याच्या हातातील शिरस्त्राण ही नुसती टोपी राहत नाही. तो इतिहासाचा अस्सल कागद होतो.

म्हणूनच या छंदाला सरसकट वेडेपणा म्हणायला मी तयार नाही. शिरस्त्राण दुरुस्त करणाऱ्याचे कसब लहान नाही. गंज काढण्यासाठी ते शिरस्त्राण धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवतात, त्याला विजेचे ऋण टोक जोडतात, शेजारी लोखंडाची पट्टी टांगून तिला धन टोक जोडतात. मग मंद प्रवाहाने गंज सैल होत जातो. कोणी ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणात ठेवून गंजाखाली दडलेला मूळ रंग उघडा करतात. नंतर मेणाचा पातळ हात देतात, म्हणजे हवा आणि ओल पोहोचत नाही. आतल्या चामडी अस्तराला आठ जिभा असतात आणि त्या दोरीने माथ्यावर बांधलेल्या असतात. ते वाळून कोळ झालेले चामडे मऊ करणे हे तर घड्याळजीच्या सबुरीचे काम. काठाच्या आत कारखान्याची अक्षरे आणि आकाराचा आकडा ठोकलेला असतो किंवा सैनिकाने आपले नाव रंगाने लिहिलेले असते. गंज दूर होऊन ते नाव ऐंशी वर्षांनी पुन्हा दिसू लागले, म्हणजे त्या माणसाला काय वाटत असेल, हे मी समजू शकतो.

माझा आक्षेप आहे तो याच्या पुढच्या पायरीला. गंज थोपवणे वेगळे आणि शिरस्त्राण ‘नवे’ करणे वेगळे. पहिल्याला मी जतन म्हणेन. दुसऱ्याला काय म्हणावे? पत्रा पांढरा होईपर्यंत घासायचा, पोक ठोकून सरळ करायचा, गोळीचे भोक सांधून भरायचे, वर कारखान्यातल्यासारखा रंग मारायचा आणि नवा छापील गरुड चिकटवायचा, याला दुरुस्ती म्हणत असतील. मी त्याला पुरावा नष्ट करणे म्हणतो. आमचे वडील म्हणतात, ‘घासलेलं लोखंड परत येत नाही.’ त्यांच्या मनात विळ्याची धार असते. पण हा नियम इतिहासालाही लागू पडतो. 1964 मध्ये व्हेनिस येथे जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दल जी सनद तयार झाली, तिचाही आशय हाच आहे: जेथे अंदाज सुरू होतो, तेथे दुरुस्ती करणाऱ्याचा हात थांबला पाहिजे. दगडी वास्तूला जो न्याय, तो पोलादी टोपीला का नसावा?

नॉर्वेचे उदाहरण घ्या. 1940 मध्ये जर्मनीने नॉर्वे जिंकला आणि पाच वर्षे दाबून ठेवला. 1945 मध्ये जर्मन सैन्य शरण आले, तेव्हा मागे राहिलेली शिरस्त्राणे नॉर्वेच्याच सैन्याने आपला रंग देऊन वापरायला घेतली. पराभूत राष्ट्राने जेत्याची टोपी आपल्या डोक्यावर चढवली, यापेक्षा बोलका पुरावा कोणता? परंतु असे शिरस्त्राण संग्राहकाच्या हाती पडले की, तो पुष्कळदा वरचा नॉर्वेचा रंग खरवडून काढतो. का, तर खाली जर्मन चिन्ह सापडेल म्हणून! म्हणजे ज्यांच्यावर अत्याचार झाला, त्यांचा थर पुसायचा आणि ज्यांनी अत्याचार केला, त्यांचा थर उजळायचा. हे करणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसेलही. पण हाताने जे घडते, त्याचा हिशेब हेतूवरून होत नाही.

येथे बाजाराचा प्रश्न येतो. साध्या पायदळाच्या शिरस्त्राणापेक्षा एस.एस. दलाच्या खुणेचे शिरस्त्राण कितीतरी महाग विकले जाते. याच दलाकडे छळछावण्यांचा कारभार होता. म्हणजे पोलाद तेच, कारखाना तोच, वजन तेच. खूण जितकी काळीकुट्ट, तितकी किंमत चढी! साहजिकच साध्या शिरस्त्राणावर ती खूण खोटी चिकटवून, वर मुद्दाम ओरखडे पाडून, जुने म्हणून विकण्याचा धंदाही बोकाळला आहे. निष्णात संग्राहकही त्यात फसतात. मला विचाराल तर फसणुकीपेक्षा तिच्या मागची मागणी अधिक लाजिरवाणी आहे. दुष्टपणाला जास्त भाव मिळावा, हे कोणत्या संस्कृतीचे लक्षण?

जर्मनीने स्वतः या बाबतीत कडक भूमिका घेतली आहे. तेथील दंडसंहितेच्या कलम 86 अ नुसार नाझी राजवटीची चिन्हे जाहीरपणे मिरवणे हा गुन्हा आहे. संग्रहालये, संशोधन आणि शिक्षण यांना त्यातून सूट आहे. विक्रीच्या चित्रांत तेथे ते चिन्ह झाकलेले दिसते. काही लोक याला अतिरेक म्हणतात. मला त्यात शहाणपण दिसते. वस्तू नष्ट केलेली नाही, अभ्यासाचा दरवाजा बंद केलेला नाही. बंद केले आहे ते मिरवणे. अभ्यासणे आणि मिरवणे यांतील सीमारेषा जे राष्ट्र होरपळले, त्याला बरोबर कळली.

यापेक्षाही गंभीर गोष्ट आहे ती जमिनीतून उकरलेल्या शिरस्त्राणांची. पूर्व युरोपात आणि रशियात जुन्या रणभूमीवर धातुशोधक यंत्रे घेऊन रात्रीबेरात्री खणणाऱ्यांच्या टोळ्या आहेत. जर्मन सैनिकाच्या गळ्यात ओळखीचा एक लंबगोल बिल्ला असे. मध्ये खाचा पाडलेल्या असत. सैनिक मेला की अर्धा बिल्ला तोडून नोंदीसाठी न्यायचा आणि अर्धा देहाबरोबर ठेवायचा, अशी पद्धत होती. जर्मनीत 1919 मध्ये स्थापन झालेली युद्धकबरींची देखभाल करणारी संस्था आजही हाडे शोधते, बिल्ल्यावरून नाव लावते, घरच्यांना कळवते आणि प्रेत रीतसर पुरते. उकरणारा मात्र शिरस्त्राण नेतो, बिल्लाही नेतो आणि हाडे विस्कटून टाकतो. ज्याला नाव मिळू शकले असते, तो कायमचा निनावी होतो. दुसऱ्या दिवशी तेच शिरस्त्राण ‘रणभूमीवर सापडलेले’ म्हणून विकायला येते.

कोणी म्हणेल, ते तर शत्रूचे सैनिक. त्यांच्या हाडांची आपल्याला कसली काळजी? येथेच मला आपल्या मातीतल्या एका माणसाची आठवण द्यावीशी वाटते. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 5 व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, जर्मन यंत्रतोफेच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील सगळे मेले किंवा जखमी झाले. बावीस वर्षांचे घाडगे एकटे धावून गेले. हातबाँबने त्यांनी ती यंत्रतोफ बंद पाडली, बंदुकीतल्या गोळ्या संपल्यावर दस्त्याने झुंज दिली आणि शेवटी शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. पण कबर? कबर नाही. इटलीतील कसिनो येथे, ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे.

आता विचार करा. त्या खोऱ्यात समोरासमोर लढलेल्यांपैकी कोणाचे शिरस्त्राण कोठे गाडले गेले, कोण सांगणार? माती जर्मन आणि मराठी असा भेद करत नाही. कुदळही करत नाही. बक्कल, बिल्ला, टोपी यांच्या लोभाने जो एकाची हाडे विस्कटतो, तो दुसऱ्याचीही विस्कटेल. जर्मनाच्या हाडांना नाव मिळावे, असे मी म्हणतो, ते जर्मनांच्या प्रेमाने नव्हे. पळसगावच्या माणसासाठी जे मागायचे, ते मागण्याचा हक्क आपल्याला तेव्हाच राहतो, जेव्हा आपण ते समोरच्यालाही नाकारत नाही.

याच्या उलट टोकाचे एक मत आहे. ‘असल्या वस्तू ठेवाव्याच कशाला? भट्टीत घालून वितळवा!’ असे म्हणणारेही थोडे नाहीत. त्यांचा संताप मला कळतो. पण वितळवल्याने अपराध वितळत नाही. वितळतो तो पुरावा. उद्या कोणी म्हणाला की असे काही घडलेच नव्हते, तर त्याच्यासमोर ठेवायला काय उरेल? शिवाय माणसे विजयाच्या भरात वस्तूंचे काय करतात, तेही पाहिले पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर 1919 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ग्रँड सेंट्रल स्थानकाजवळ हजारो जर्मन शिरस्त्राणांचा मनोरा रचला होता. सरकारी कर्जरोख्यांच्या प्रचारासाठी! जिंकलेल्याने टोप्यांचा मनोरा रचला आणि वीस वर्षांत दुसरे महायुद्ध उभे राहिले. मनोरा पाहून कोणी काही शिकले, असे दिसत नाही.

मला स्वतःला सगळ्यांत भावलेली शिरस्त्राणे मात्र निराळीच आहेत. 1945 नंतर जर्मनी उद्ध्वस्त झाली होती. घरात भांडे नव्हते आणि कारखान्यांत, कोठारांत शिरस्त्राणे पडून होती. तेव्हा त्यांनाच भोके पाडून चाळण्या केल्या, मुलामा देऊन पातेली केली. खेड्यांत तर शिरस्त्राणाला लांब दांडा बसवून त्याने गोठ्यातले शेणमूत उपसून शेतात टाकत. ज्याने जग जिंकायला निघाले होते, त्यानेच शेवटी बटाटे गाळले आणि शेत पोसले!

आमच्या घरात ‘जुनी वस्तू’ म्हणून जपलेले काहीही नाही. गरिबाला वस्तू जपणे परवडत नाही. तो ती वापरतो, मोडली तर तिचे दुसरे काही करतो. नांगराच्या फाळाची पहार होते, पहारेची छिन्नी होते. त्यामुळे त्या जर्मन गृहिणीची चाळण मला परकी वाटत नाही. संग्राहकांना तिचे मोल फारसे नाही, कारण भोके पडलेले शिरस्त्राण पुन्हा ‘मूळ रूपात’ येत नाही. मी म्हणतो, तेच तिचे मोठेपण! त्या बाईने केलेली दुरुस्ती हीच या शंभर वर्षांत शिरस्त्राणाची झालेली सर्वांत चांगली दुरुस्ती होय. संग्रहालयात एक शिरस्त्राण ठेवायचे झाले, तर त्याच्या शेजारी ही चाळणही ठेवली पाहिजे. नाहीतर गोष्ट अर्धीच राहील.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे: शिरस्त्राणे खुशाल जमवावीत, पण ती कोठून आली हे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. जे प्रेतावरून उकरले, ते फुकट मिळाले तरी नाकारावे. गंज थांबवावा, पण पोक आणि भोक जसेच्या तसे राहू द्यावे. जे केले, त्याची लेखी नोंद शिरस्त्राणाबरोबर ठेवावी, म्हणजे पुढचा माणूस फसणार नाही. नवे चिन्ह कधीही चिकटवू नये. जे काळाने पुसले, ते पुन्हा रंगवण्याचा अधिकार कोणाला नाही. आणि आत एखादे नाव सापडले, तर त्याची किंमत किती वाढली याचा हिशेब करण्याआधी, ते नाव युद्धकबरींच्या त्या संस्थेला कळवावे.

हे नियम कोणी कायद्याने लादावेत, असे मी म्हणत नाही. छंद कायद्याने शुद्ध होत नाही. पण चकचकीत केलेले शिरस्त्राण काचेच्या कपाटात ठेवले की ते शौर्याची गोष्ट सांगू लागते आणि मागची जखम, भूक, अपराध सगळे गप्प होते. इतिहासाचा आम्ही विद्यार्थी अभ्यास करतो, तो या गप्प बसलेल्यांना बोलते करण्यासाठी. गंज हा लोखंडाचा रोग आहे, हे लोहाराच्या मुलाला कोणी सांगायला नको. परंतु काही लोखंडावर तो रोग नसून साक्ष असते. आणि साक्षीदाराचे तोंड घासून स्वच्छ करताना त्याची जीभ तर कापली जात नाही ना, एवढे ज्याच्या हातात घासणी आहे, त्याने पाहिले पाहिजे.

— द्वितीय वर्ष, कला (इतिहास)